तुझी चकती लागत नाही, इंदू

इंदू, तुझा प्लेअर गेला.

आधी हेच सांगतो, कारण तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस. मी जेवलो का, माझा गुडघा कसा आहे, ते मागाहून. तू जाऊन पुरता एक पावसाळा झालेला नाही आणि तुझी एवढी एक वस्तू माझ्याच्यानं सांभाळली गेली नाही.

तुझा भाऊ वसंता म्हणाला, दाजी, मूर्तींच्या कारखान्यातली माणसं गणपतीला एक लहानसं पुस्तक काढतायत, त्यात ताईवर चार ओळी लिहा. लोक लिहितात तशा ओळी मला येत नाहीत. कैलासवासी अमुक, जन्म तमुक गावी, स्वभाव मनमिळाऊ. मनमिळाऊ तर तू नव्हतीसच. पेणच्या खाडीवरची पोर तू, बापाच्या मिठागरात उन्हातान्हात वाढलेली, तोंडानं तशीच खारट. तर मी तुझ्याशीच बोलतो. कुणाला वाचायचं त्यानं वाचावं.

प्लेअर कसा गेला ते ऐक. सुतक फिटलं त्या दिवशी आक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, घर धुऊन काढलं. मग तांब्यात गोमूत्र घेऊन दुर्वांनी सगळीकडे शिंपडत फिरली. उंबरा, भांडी, तुझी खाट, शिलाईचं मशीन. टीव्हीपाशी आली आणि थांबली. म्हणाली, "दामू, तिचा जीव ह्याच्यातच असायचा ना रं? मग ह्याला जरा जास्त पायजे." आणि तांब्यात राहिलेलं सगळं प्लेअरच्या वरच्या जाळीतून आत ओतलं. शिंपडलं नाही, ओतलं. मी समोर बसलो होतो. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं. तुमचं दोघींचं जन्मात पटलं नाही, आणि बघ, तू गेल्यावर तिनं तुझ्या वस्तूला भांड्याकुंड्यांपेक्षा जास्त मान दिला.

पाहुणे गेले, घर मोकळं झालं, तेव्हा मी तुझी चकती काढली आणि बटण दाबलं. तो लाल दिवा लागला. एकदा फडफडला. आतून चर्र असं झालं, वास आला, आणि दिवा गेला. मी पंखा लावून त्याच्यासमोर ठेवला, उन्हात ठेवला, उलटा करून ठेवला. नाही लागला. आक्काला मी अजून सांगितलेलं नाही. तिनं मनापासून केलं. सांगून काय करू.

आता ही चकती, म्हणजे डीव्हीडी, कसली, ते वाचणाऱ्याला कळायला पायजे. सुजाताच्या, आपल्या लेकीच्या, बाळंतपणाला तू अमेरिकेला गेलीस. मी नाही आलो. धाटावच्या कंपनीत रजा मिळाली नाही, असं मी लोकांना सांगायचो. हे विमानाला घाबरले, असं तू सांगायचीस. दोन्ही खरं होतं. सुजाताच्या गावात एक मोठं वस्तुसंग्रहालय होतं. तिथल्या बायांना देशोदेशीच्या आज्या हातानं काय काय करतात ते शूटिंग करून ठेवायचं होतं. सुजातानं तुझं नाव दिलं. लग्नाच्या आधीपासून तू पेणच्या कारखान्यात गणपतीच्या मूर्तींचे डोळे काढायचीस. लग्न होऊन रोह्याला आलीस तरी दर सीझनला सकाळच्या गाडीनं पेणला जायचीस आणि संध्याकाळी परत. मूर्ती करणारे पुष्कळ. डोळ्यांची आखणी करणारे दोघं-तिघंच, आणि त्यात बाई तू एकटी.

ते शूटिंग त्यांनी चकतीवर घालून दिलं, एक सुजाताला, एक तुला. त्या चकतीवर तू आहेस. साडीवर जावयाचा स्वेटर, पायात मोजे, मोज्यावर चप्पल. समोर टेबल, टेबलावर तिकडची माती. ती तुला आवडली नाही, आणि सुरुवातच तिथून होते. "ही काय माती हाय? मेण हाय मेण." सुजाता शेजारी उभी राहून त्या गोऱ्या बाईला इंग्रजीत काहीतरी गोडगोड सांगते. तू तिच्याकडे बघून म्हणतेस, "मी एवढंच बोलले?" सगळी माणसं हसतात. मग मूर्ती होते. मग ती बाई विचारते, की डोळे शेवटी का काढायचे. तू वर न बघता सांगतेस, "आधी काढले तर तो बघत बसतो. कुणी बघत असलं का हात कापतो."

मग तू उजवा डोळा काढतेस. मग डावा. आणि तिथून आपलं भांडण सुरू होतं.

पण भांडणाच्या आधी ती चकती लागायला पायजे होती. तू ती अमेरिकेहून पदरात गुंडाळून आणलीस, आपल्या प्लेअरमध्ये घातलीस, आणि पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली. तेवढीच. परत घातली, परत तीच ओळ. तुला वाटलं, माझं तोंड त्याला आवडलं नाय. मग प्लेअर पिशवीत घालून आपण पेणला सलीमकडे गेलो. तेव्हा त्याच्या दुकानात टीव्ही, रेडिओ छतापर्यंत रचलेले असायचे. त्यानं सांगितलं, की चकत्या काढणाऱ्या कंपन्यांनी जगाचे तुकडे पाडलेत. अमेरिकेची चकती अमेरिकेच्याच मशीनवर लागणार. आपला तुकडा निराळा. मी म्हटलं, म्हणजे पेणचं रेशनकार्ड रोह्याच्या दुकानात चालत नाही, तसं. तो म्हणाला, तसंच.

तू लगेच म्हणालीस, "मी पेणची असून रोह्यात चालते. ही का नाय चालत?"

सलीम एवढा हसला, की त्यानं पैसेच घेतले नाहीत. म्हणाला, चालवून देतो काकी. ट्रे उघडला आणि रिमोटवर नंबर दाबले. सात, सात, शून्य, चार, नऊ. ट्रे बंद. कुलूप उघडलं. मग कुठल्याही देशाची चकती घाला. एवढंच होतं, की बोर्डावरून बटण बंद झालं की प्लेअर सगळं विसरायचा आणि नंबर परत दाबावे लागायचे. म्हणून तो लाल दिवा तू कधी विझू द्यायची नाहीस. मी बिलासाठी बटण बंद करायचो. तू ट्रे उघडून, नंबर दाबून, मला ऐकू जाईल असं म्हणायचीस, "देवापुढची वात इजवायची नसते, हे कुणी तरी सांगा ह्यांना." रोह्याची लाइट तर रोज जायची. तेव्हा तू कुणाला बोलायची नाहीस. मला तेवढं बोलायचीस.

चकती पहिल्यांदा लागली त्या दिवशीचं तुझं तोंड मला आठवतं. गल्लीतल्या बाया जमल्या होत्या. तू स्वतःला बघितलंस आणि ऐकलंस, आणि म्हणालीस, "हा माझा आवाज नाय."

मी म्हटलं, तुझाच.

"मी एवढी वराडते?"

"ह्याच्याहून जास्त."

तू रागावून आत गेलीस आणि दारामागून ऐकत राहिलीस. इंदू, तू खरंच ओरडत होतीस. ती गोरी बाई हातानं खूण करते, हळू बोला, हळू बोला, ते चकतीवर दिसतं. तुला वाटतं ती माशी हाकलतेय. तू तशीच बोलत राहतेस. ते बघून सगळे हसायचे, मीही हसायचो. मला त्यातलं कारण पुष्कळ वर्षांनी कळलं. कंपनीत कॉम्प्रेसरपाशी उभा राहून माझा डावा कान गेला. मला ऐकू जावं म्हणून तू मोठ्यानं बोलायला लागलीस, आणि मग तोच तुझा आवाज झाला. लोकांना वाटायचं, ही बाई नवऱ्याशी सारखी भांडते. अमेरिकेत मी नव्हतोच. तरी तू मला ऐकू जाईल असंच बोलत होतीस. हे मी तुला सांगायचं ठरवलं होतं. मग म्हटलं, सांगेन, घाई काय आहे.

आता भांडणाचं. त्या मूर्तीचा डावा डोळा खाली गेलाय. जरासा. उजवा समोर बघतो आणि डावा खाली. मी पहिल्याच दिवशी म्हटलं, इंदे, चुकली तू. तू म्हणालीस, नाय. मी म्हटलं, डावा बघ. तू म्हणालीस, बघितला. आपल्या घरच्या गणपतीलाही दर वर्षी तू तसाच डोळा काढायचीस, आणि मी दर वर्षी म्हणायचो, कारखान्यात शेकड्यानं काढतेस, एक चुकत नाही, घरच्यालाच कसा चुकतो? एकदाच तू नीट उत्तर दिलंस. तांदूळ निवडत होतीस. म्हणालीस, "कारखान्यातला विकायचा असतो. तो समोर बघतो, गिऱ्हाइकाकडं. घरच्याला खाली पण बघावं लागतं. खाली कोण कसं बसलंय, जेवलंय का, ते."

मी म्हटलं, हे चूक झाल्यावर सुचलेलं आहे.

तू ताट ठेवलंस आणि म्हणालीस, "लावा चकती. बगा परत."

दर वर्षी गणपतीच्या आधी आपण ती चकती लावायचो आणि तो डोळा थांबवून ठेवायचो. मी टीव्हीला नाक लावून बघायचो. दर वर्षी मला तो चुकलेलाच दिसायचा. हे भांडण मिटलं नाही. तू मधेच उठून गेलीस.

आता लागत नाही म्हणजे काय काय करून लागत नाही, ते सांगतो. प्लेअर पिशवीत घालून मी परत सलीमकडे गेलो. त्याचं दुकान आता मोबाइलचं आहे. मला बघून तो उठला, त्याला तुझं कळलं होतं. त्यानं झाकण उघडलं. आत सगळं हिरवं झालं होतं, तळ्यातल्या दगडासारखं. काय सांडलं, म्हणाला. मी सांगितलं. त्यानं झाकण हळूच परत बसवलं. मग म्हणाला, "काका, आमच्यात पण असंच काही तरी केलं असतं कुणीतरी."

त्यानं माळ्यावरून एक नवा प्लेअर शोधून काढला, खोक्यातला, शेवटचा. आता कुणी घेत नाही, म्हणाला. आम्ही तिथंच टीव्हीला जोडला. ट्रे उघडला. नंबर मी सांगितले. सात, सात, शून्य, चार, नऊ. तुझ्या तोंडून इतक्यांदा ऐकलेत, की झोपेतून उठवलं तरी सांगेन. ट्रे बंद. चकती घातली. पडद्यावर तीच इंग्रजी ओळ. मला इंग्रजी येत नाही, पण त्या ओळीचं तोंड मी ओळखतो.

सलीमनं मोबाइलवर शोधून दुसरे नंबर काढले. तेही नाही. तिसरे नाही. तो म्हणाला, "काका, पूर्वी कंपन्याच मागचं दार उघडं ठेवायच्या. नंबर म्हणजे त्या दाराची किल्ली. आता दारच बुजवलंय. किल्ली घेऊन काय करणार?"

तरी मी ती किल्ली घेऊन फिरलो. रोह्यात भंगारवाल्याकडे दोन जुने प्लेअर होते, एकाचा ट्रेच उघडेना, दुसऱ्यानं नंबर खाऊन टाकले. कोलाडला लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडे गेलो. त्याच्या लॅपटॉपला चकती घालायला तोंडच नव्हतं. जुना एक कॉम्प्युटर होता, त्यानं देश बदलून बघितला, तर कॉम्प्युटर म्हणाला, पुष्कळदा बदललात, आता जन्मभर आहे तोच. मोठ्या दुकानात गेलो तर तिथली पोरगी म्हणाली, "आजोबा, डीव्हीडी? आमच्याकडे ग्रामोफोन पण नाहीये." तू असतीस तर तिला सोडली नसतीस. मी नुसता बाहेर आलो. आता कुणाच्या घरी गेलो आणि टीव्हीखाली काळा डबा दिसला की माझं बोट वळवळतं. ह्या पंधरवड्यात मी लोकांच्या घरात ते नंबर दाबलेत, त्यांना न विचारता. वेडा झालो असं म्हणत असतील. म्हणोत.

सुजाताला सांगितलं. तिच्याकडची चकती घर बदलताना कुठं गेली तिला ठाऊक नाही. ते वस्तुसंग्रहालय बंद पडलं. मग तिनं तिकडचाच एक प्लेअर विकत घेतला आणि कोलाडच्या एका माणसाबरोबर पाठवला, तो सुट्टीवर येत होता. त्याच्या घरून मी तो मांडीवर घेऊन आलो. अमेरिकेची चकती, अमेरिकेचा प्लेअर, आता काय अडतंय? पिना वेगळ्या होत्या, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून जोड आणला. अंघोळ केली. तुझ्या फोटोला हार घातला. आणि बटण दाबलं.

फटाका वाजावा तसं झालं. घरातली लाइट गेली. धूर आला. सलीमला फोन केला तर तो म्हणाला, "काका, तिकडचा करंट आपल्या निम्मा असतो. मधे ट्रान्सफॉर्मर लागतो. मला विचारायचं तरी." चकती आत अडकली होती. सुरीनं ट्रे उचकटून काढली. उलटसुलट करून बघितली. तुझ्या चकतीला काही झालं नाही. पण मी तिथंच जमिनीवर बसून राहिलो, त्या धुरात. एवढं मी तू गेलीस त्या दिवशी रडलो नव्हतो, हे तुला सांगून ठेवतो. त्या दिवशी माणसं होती.

सुजाता म्हणते, बाबा, पोस्टानं पाठवा, इकडे मोबाइलवर उतरवून घेते. मी नाही म्हटलं. एकच आहे. वाटेत गेली तर कुणाच्या नावानं बोंबलू? ती म्हणते, मग मी येईन तेव्हा नेते. ती येऊन नुकतीच गेलीय, आता रजा मिळायला वर्ष लागेल. सलीमनं चकती उजेडासमोर धरली तेव्हा तिच्यातून बारीक बारीक भोकं दिसली, सुईनं टोचल्यासारखी. म्हणाला, ही पण म्हातारी होते काका. आता सांग, मी काय करू.

मला घाई का आहे, ते आता सांगतो. तुझा आवाज जातोय. तुझे शब्द मला सगळे पाठ आहेत. कुठल्या वेळी काय बोललीस ते सांगेन. पण ते मला माझ्याच आवाजात ऐकू येतात. परवा मी "बिलाची पडलीय ह्यांना" हे तुझं वाक्य मोठ्यानं म्हणून बघितलं, तुझ्यासारखं. नाही आलं. मोबाइलमध्ये तुझे फोटो आहेत, आवाज नाही. सुजाताशी बोलायचीस ते बोलून झालं की संपलं, कुणी धरून ठेवलं नाही. आपण काय, रोजच ऐकतोय म्हणायचो.

आणि दुसरं म्हणजे गणपती. वैशाखात तू शाडूची मूर्ती केलीस, रंगवलीस, डोळे तेवढे काढायचे ठेवलेस. डोळे तू नेहमी शेवटच्या आठवड्यात काढायचीस. लोक म्हणाले, ह्या वर्षी बसवू नका. भटजी म्हणाले, घरात घडलेली आहे, सुतक फिटलंय, आरास न करता साधेपणानं बसवा. मी बसवायचा ठरवला. तुझ्या हातचा शेवटचा आहे. पण डोळ्यांशिवाय कसा बसवणार?

मूर्ती टॉवेलात गुंडाळून मी गाडीनं पेणला नेली. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तुझी रंगांची पाटी, तुझं स्टूल अजून तिथंच आहे, त्यावर कुणी बसत नाही. वसंताही तिथं डोळेच काढतो, त्यानं मूर्ती समोर घेतली. मी म्हटलं, वसंता, डावा जरा खाली ठेव.

त्यानं माझ्याकडे बघितलं. "दाजी, तुमीच तर दर वर्षी भांडायचा ना, ताईचा डावा चुकतो म्हणून?"

"व्हय," मी म्हटलं. "चुकलेलाच काढ."

"किती खाली?"

मी नखानं दाखवलं. मग म्हटलं, नाही, एवढा नाही. मग म्हटलं, थोडा जास्त. आणि माझं मलाच कळलं, की मला ठाऊक नाही. एवढी वर्षं नाक लावून बघितलं, भांडलो, आणि किती खाली ते मला सांगता येईना. मागच्या वर्षांचे फोटो काढून बघितले. कुठे हार आडवा आलाय, कुठे दिव्यांचा उजेड चेहऱ्यावर. तू केलेले बाकीचे सगळे विसर्जनाला कुंडलिका नदीत गेले. अमेरिकेतला सुजातानं बादलीत सोडला. चकतीवर तेवढा आहे.

वसंतानं उजवा काढला. नीट, देखणा. मग डावा. सरळ आला. ओल्या फडक्यानं पुसला, परत काढला. परत सरळ. ओठ दाबून, श्वास धरून परत काढला. त्यानं ब्रश ठेवला.

"हात ऐकत नाय, दाजी. जन्म गेला सरळ काढण्यात." आणि मग म्हणाला, "तुमीच काढा. तुमचा आपोआप वाकडा येईल."

आजूबाजूची माणसं हसली. मीही हसलो. वसंता हसला नाही. त्यानं तुझा बारीक ब्रश कागदात गुंडाळून माझ्या खिशात घातला, काळ्या रंगाची डबी दिली, मूर्तीच्या तोंडावर फडकं टाकलं आणि तुझ्या स्टुलाकडे पाठ करून उभा राहिला.

गाडीत मूर्ती मांडीवर होती. नागोठण्याला एक बाई चढली, म्हणाली, बाप्पा दाखवा ना. मी म्हटलं, डोळे राहिलेत अजून. तिनं फडक्यालाच हात जोडले.

आता तो टीव्हीपाशी ठेवलाय, मेलेल्या प्लेअरच्या शेजारी. चतुर्थी जवळ आलीय. मी रोज अंघोळ करून त्याच्यासमोर बसतो, फडकं काढतो, ब्रश भिजवतो. कंपनीत मी व्हॉल्व फिरवायचो, इंदू. हा ब्रश माझ्या बोटात दिसतसुद्धा नाही. आणि तू म्हणाली होतीस तसंच झालंय. वसंतानं उजवा आधी काढून ठेवलाय. तो एका डोळ्यानं माझ्याकडे बघत बसतो, आणि माझा हात कापतो.

भांडण तू जिंकलीस, असं मी म्हणणार नाही. तो डोळा चुकलेला होता. आता तो तसाच चुकायला पायजे, एक केसभर इकडे नाही, एक केसभर तिकडे नाही, आणि ते दाखवणारी एकच चकती माझ्या हातात आहे, आणि ती लागत नाही.

चांगला कान मी मूर्तीकडे करून बसलोय. किती खाली, तेवढं सांग गो. मोठ्यानं सांग.